टाकीतला पंप

३ फेब्रुवारी २०१४
नीताचा डिप्लोमाचा शेवटचा प्रोजेक्ट: टाकी रिकामी झाली की पंप आपोआप चालू. पंप चालवणाऱ्या आर्डुइनो बोर्डाची लायब्ररी, म्हणजे त्याचा कोड, मी लिहून देणार. स्वतःहून म्हणालो. म्हणाली, जमेल ना? तू तर दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलंस. म्हटलं, कॉलेजची लायकी नव्हती.
संकल्प: १) दहा तारखेचा डेमो हिट. २) पाणी आलं की तिथल्या तिथे तिला मनातलं सांगायचं. ३) तोवर भांडण बंद.

५ फेब्रुवारी
कोडमध्ये दोन क्लास, म्हणजे दोन साचे: टाकी आणि पंप. टाकीच्या आत पंपचं ऑब्जेक्ट. डिझाइन झकास. पण एरर: पंपला पिन नंबर, म्हणजे बोर्डावर त्याची वायर कुठे लागणार तो नंबर, मिळाला नाही. तिचा पार्टनर चारुदत्त म्हणे, टाकीच्या कोडचा कंस उघडायच्या आधी कोलन टाक आणि तिथेच नंबर दे, एका ओळीचं काम. याला विचारलं कोणी? संकल्प तीन मोडला. चूक त्याची.

६ फेब्रुवारी, सकाळी ११
जमलं! पंपला सांगून टाकलं, नंबर नाही मिळाला तर तेरा धर. मग टाकीच्या कंसात लिहिलं: पंप, पिन आठ. एरर गायब. नीता बघून म्हणाली, अरे, हे दोन पंप झाले ना? एक वरचा, एक कंसातला. म्हटलं, डीप विषय आहे, तू रिपोर्टचं मार्जिन बघ.

८ फेब्रुवारी
टेस्टिंग. बोर्डावरचा इवलासा दिवा लागला. तो पिन तेरावर असतो आणि पंप आठवर लावायचाय, पण दिवा लागला म्हणजे पंपही लागणारच. आरशासमोर मनातलं बोलून बघितलं. आईने बाहेरून विचारलं, कोणाचा फोन?

१० फेब्रुवारी
डेमो. मी टेक्निकल सपोर्ट म्हणून हजर. टाकी रिकामी, दिवा चालू, पंप गप्प. परीक्षकांना सांगितलं, तुमचं वायरिंग भिकार आहे. मग नळीत कचरा असणार म्हणून डोळा लावून आत बघितलं. तेवढ्यात नीताने लॅपटॉप ओढला, कंसातला पंप खोडला, कोलन टाकून आठ लिहिलं आणि कोड बोर्डावर चढवला.
पाणी आलं. सगळं माझ्या तोंडावर.
परीक्षकांनी विचारलं, काय चुकलं होतं? ती म्हणाली, सर, कंसातला पंप कंस बंद होताच संपला, टाकीतला खरा पंप तेरावरच राहिला. माझं नाव घेतलं नाही. संकल्प दोनसाठी तोंड उघडलं, तर ठसका.

११ फेब्रुवारी
नीता म्हणाली, विश्वा, रविवारी ये, क्लास म्हणजे काय इथपासून शिकवते. स्पष्ट सांगितलं, मी कोणाकडून शिकत नाही. कॉलेज याच मुद्द्यावर सोडलंय.
दुपारी वही आणली. दोनशे पानी. वर नाव घातलं. इयत्तेच्या रकान्यापाशी अडलोय.