मूत्राशय देणार नाही

३ जून
गाठ! लघवीतून पुन्हा रक्त आलं म्हणून सर्जनने गेल्या आठवड्यात प्रोस्टेटचा तुकडा काढला. आज निकाल. "काका, सार्कोमा. कर्करोगाची फार दुर्मिळ जात." स्वतःच्या डोक्यावर एक केस नाही, आणि मी काका! दुर्मिळ म्हणताना चेहरा असा, की जणू मीच त्याला पुरस्कार मिळवून देणार. इलाज — प्रोस्टेट, मूत्राशय, सगळं काढायचं. पोटाला पिशवी. जन्मभर.
"पण रक्ताची तपासणी तर चांगली आलीय!"
"या जातीत ती चांगलीच येते."
घ्या! चांगलं आलं तरी मेलोच.

४ जून
ऑपरेशनच्या कागदावर सही केली नाही.

६ जून
बायको : "अहो, घाबरलात तर घाबरलो म्हणा. अक्कल कसली पाजळताय?"
घाबरलोच आहे. पण माझ्या लेखातला स्वल्पविराम हलवायलाही संपादक मला फोन करतो. इथे मूत्राशय हलवायचंय, तेही एकाच माणसाच्या नजरेवर? सर्जनला म्हटलं, तो तुकडा ज्यांवर तपासला त्या काचा द्या, दुसऱ्या लॅबला दाखवतो.
फुगला. "तेवढ्यात पसरलं तर?"
"तर श्रद्धांजलीत हट्टी होते असं लिहा."


९ जून
काचा स्वतः नेऊन दिल्या. पावतीवरचं नाव दोनदा वाचलं.

१२ जून
दुसऱ्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंचा फोन. आवाज थेट मुख्याध्यापिकेचा. "त्या जागी आधी काही ऑपरेशन?"
"एप्रिलमध्ये. प्रोस्टेट वाढली म्हणून दुर्बिणीतून तासली. याच सर्जनने."
बाईंनी लिहून घेतलं. मग — "हे पहिल्या लॅबला कुणी सांगितलं होतं?"
मला वाटलं, ज्याने तासली त्याने सांगितलं असेल!
"तुकड्याला वेगळे रंग लावून बघते. आत्ता काही विचारू नका."
विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.
बायको आत मोबाइलवर बघत बसलेली — पिशवी कशी बदलायची. मी आलो तरी बंद केलं नाही.

१५ जून
सर्जन : "मंगळवारी सकाळी तुमचा पहिला नंबर ठेवलाय, काका."
"दुसऱ्या कुणाला द्या."
बायकोने दवाखान्याची बॅग भरली. मी उपसली. तिने पुन्हा भरली.

१६ जून
"कर्करोग नाही," बाई म्हणाल्या. "एप्रिलमध्ये तासल्याची जखम भरतेय. भरताना कधीकधी ती काचेवर अगदी सार्कोमासारखीच दिसते."
फोन बायकोच्या हातात दिला. तिने ऐकलं. म्हणाली, "पुन्हा सांगा." बाईंनी सांगितलं.
"पुन्हा."