कादंबरीतल्या सासूची बाजू

कूपर्स कोव्ह, न्यूफाउंडलंड
११ मार्च

प्रिय ब्रेना,

दर रविवारी आपण फोनवर बोलतो, मग हे पत्र कशाला, असं पाकीट बघून तुला वाटेल. घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो माझ्याआधीच म्हातारा झालाय. काही गोष्टी फोनवर सांगायला गेले की मी हवापाण्यावर घसरते, हे तुला माहीत आहे. म्हणून लिहायला बसले. जरा लांबेल, चहा घेऊन बस.

आधी इथलं सांगते. खाडीतला बर्फ अजून हललेला नाही. डोरीनने ग्रंथालयात नवा हीटर बसवून घेतलाय, त्यामुळे आमच्या मंगळवारच्या वाचक मंडळात आता कोट काढून बसता येतं. बाकी मंडळ तू पाहिलंस तसंच आहे. ज्याने त्याने आपण सध्या वाचतोय त्या कादंबरीबद्दलच बोलायचं, आणि शेवट कुणी सांगायचा नाही. डोरीन स्वतः एका खुनाच्या कादंबरीत अडकली आहे आणि दर मंगळवारी तिचा संशय नव्या माणसावर असतो. परवा तर तिने त्यातल्या पाद्र्यालाही सोडलं नाही. क्लेम नोसवर्दी ध्रुवाकडे निघालेल्या एका जहाजाची सहाशे पानांची कादंबरी वाचतोय. या आठवड्यात काय झालं म्हणून विचारलं की तो चष्मा पुसतो आणि म्हणतो, “बर्फात अडकलेत.” गेले सात आठवडे ते बर्फातच आहेत. त्यात लेखकाने बॉयलरचं वर्णन चुकवलंय. चाळीस वर्षं फेरीबोटीचं इंजिन सांभाळलेला माणूस तो, त्याला हे सहन होत नाही. मग सोडून दे की, असं मी म्हटलं, तर म्हणाला, “आणि ती माणसं? त्यांना तिथेच ठेवून येऊ?”

मला डोरीनने जानेवारीत एक निळ्या कव्हरची कादंबरी दिली. एका लहानशा गावात एक म्हातारी आणि तिची विधवा सून मिळून बेकरी चालवतात. सुनेचं नाव इडा, वय पस्तीसच्या आसपास. गावात घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस राहायला येतो आणि रोज दोन पाव घेऊन जातो. एकट्या माणसाला दोन पाव कशाला लागतात, हे म्हातारी पहिल्याच दिवशी ओळखते. ती भांडत नाही, तोंडातून वेडावाकडा शब्द काढत नाही. फक्त तो आला की हात पुसत पुढे येते आणि पाव स्वतः बांधून देते. इडाला भट्टीकडे काहीतरी काम निघतं. असं वर्षभर चालतं.

मी हे मंडळात सांगितलं आणि काय झालं माहीत आहे? सगळे त्या म्हातारीवर तुटून पडले. डोरीन म्हणाली, ही बाई खुनाच्या कादंबरीत असती तर मी हिलाच धरलं असतं. सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. मी म्हटलं, “तिचा एकुलता एक मुलगा गेलाय. तिच्याकडे दुसरं राहिलंय कोण?” क्लेमने त्याच्या त्या थंड आवाजात सांगितलं, “मर्टल, म्हातारी वाईट नाही गं. पण ती दार अडवून उभी आहे. तिला स्वतःला कुठे जायचं नाही आणि दुसऱ्यालाही जाऊ देत नाही.” मी म्हटलं, “तू तुझं जहाज बघ.” कोट उचलला आणि निघाले. टोपी तिथेच राहिली, पुस्तकही राहिलं. घरापर्यंत कान गार पडले, पण मागे वळले नाही. एका कादंबरीतल्या बाईसाठी मी अडुसष्टाव्या वर्षी रुसून बसले, हसायचं तर हस.

पुढचे दोन मंगळवार मी गेले नाही. घरात बसून आपला तो पहिला हिवाळा आठवत राहिले. गॅरलँडच्या गाडीसमोर हमरस्त्यावर ते भलंमोठं मूस हरीण आलं, माझा मुलगा आणि तुझा नवरा एकाच रात्री गेला, तो ऑक्टोबर. नोव्हेंबरपासून तू माझ्याकडे राहायला आलीस. दोघींना जेवण जात नव्हतं, झोप येत नव्हती, एकमेकींकडे बघवत नव्हतं. मग तू कुठूनशी ती जाडजूड कादंबरी आणलीस. तू वाचायचीस, मी मोजे विणायचे. तुझा आवाज बसला की मी वाचायचे आणि तू विणकाम घेऊन सगळे टाके बिघडवायचीस. त्या कादंबरीत काय होतं ते मला आता धड आठवत नाही. आजही दुपार झाली की मला तुझ्या वाचण्याचा आवाज हवा असतो. तू हॅलिफॅक्सला इस्पितळातल्या नोकरीवर गेलीस, तेव्हा जा म्हणणारी मीच होते. पण तू दर रविवारी फोन करून आधी “आई, काय वाचतेयस?” असं विचारत होतीस, तोवर मला तू गेल्यासारखं वाटलंच नव्हतं.

तिसऱ्या मंगळवारी दुपारी क्लेम दारात. हातात माझी टोपी, निळं पुस्तक आणि काकवीच्या बन्सचा डबा. “बन्स मी केलेत, म्हणजे कडक आहेत, चहात बुडवून खा,” म्हणाला. बसला. मी चहा ठेवायला उठले, तर पुस्तक उघडून त्याने मोठ्याने वाचायलाच सुरुवात केली. त्याला वाचता येत नाही गं! म्हणजे अक्षरं येतात, पण इडा असो, म्हातारी असो, सगळे इंजिनरूममधून ओरडल्यासारखे बोलतात. शेवटी मी पुस्तक काढून घेतलं आणि मी वाचलं. म्हातारी इडाचं लग्नाचं कपाट आवरत असते, तिथे आलो. त्या पानावर मी पुस्तक मिटलं. क्लेमने बन चहात बुडवला, खाल्ला, आणि मग विचारलं, “हे कादंबरीचं नाही, होय ना?”

तेव्हा मी त्याला सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या ऑक्टोबरात एका रविवारी मी तुला नेहमीसारखं विचारलं, काय वाचतेयस. तू म्हणालीस, “आम्ही अजून तिसऱ्याच प्रकरणावर आहोत.” पुढे दुसरं काहीतरी बोललीस. तुझ्या लक्षातही आलं नसेल. मी फोन ठेवून तो एकच शब्द धरून बसले. आम्ही. इतकी वर्षं त्या शब्दात तू आणि मी होतो. नंतर नाताळात एकदा म्हणालीस की नायकाचा काका आम्हाला आवडला नाही. फेब्रुवारीत सांगितलंस की ते प्रकरण वाचताना आम्ही फार हसलो. कुणीतरी तुझ्याशेजारी बसून ऐकतंय, किंवा वाचून दाखवतंय, आणि तू पुन्हा हसतेयस. हे मला पाच महिने माहीत आहे. आणि पाच महिने मी त्या म्हातारीसारखे पाव बांधून देतेय.

क्लेमने चष्मा पुसला. मग म्हणाला, “पोरीने तुला सांगितलं नाही, कारण तुझं मन दुखावेल अशी तिला भीती आहे. तू विचारलं नाहीस, कारण तुला हो ऐकायचं नाही. दोघी बर्फात अडकल्यात, आणि सातच आठवडे नाही.” मी म्हटलं, “शेवटी सुटतात का ती जहाजवाली?” तो म्हणाला, “शेवट सांगायचा नाही, नियम आहे.” मला हसायला आलं आणि मग रडायला आलं. तो ओशाळून भांडी विसळायला उठला.

निळी कादंबरी मी काल संपवली. तू वाचशील, म्हणून शेवट तुलाही सांगत नाही. एवढंच सांगते, की मी अजून म्हातारीच्याच बाजूची आहे. पण एका जागी मला तिला हाताला धरून बाजूला करावंसं वाटलं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. गॅरलँडला पोचवून परतताना दफनभूमीच्या फाटकापाशी मी तुझा दंड धरून म्हणाले होते, “तू कायम माझ्या गॅरलँडचीच.” तू मान हलवलीस. त्या दिवशी तू कशालाही मान हलवली असतीस. तुला त्या वाक्यात बांधायचा मला हक्क नव्हता, ब्रेना. ते मी परत घेते. दुसरं, मागच्या ऑगस्टमध्ये तू विचारलं होतंस की एका मित्राला घेऊन चार दिवस आले तर चालेल का, आणि ‘मित्र’ ऐकूनच मी धसकले आणि सांगितलं की वरच्या खोलीचं छत गळतंय. छत गळत नाही, कधीच गळत नव्हतं. मी खोटं बोलले आणि तू खोलीची काळजी करत बसलीस. तू कोणासाठी वाचतेस, त्याचं नाव मला माहीत नाही. मला ते ऐकायचंय. जूनमध्ये बर्फ गेला की त्याला घेऊन ये. क्लेम खोलीला रंग लावतोय. पिवळा निवडलाय, तो मला रोखता आला नाही. तुमची ती कादंबरी तोवर संपवू नका, शेवटची काही प्रकरणं इथे माझ्यासमोर वाचा. त्याचा आवाज कसा आहे, ते मला ऐकू दे. गॅरलँडबद्दल त्याला विचारायचं असेल तर विचारू दे, मी सांगेन. आणि येत्या रविवारी फोन केलास की मी काय वाचतेय हे आधी विचारू नकोस. आधी त्याचं नाव सांग.

तुझीच,
मर्टल
(आई म्हणत राहिलीस तर मला आवडेलच. पण तुला जे सोपं वाटेल ते म्हण.)