रत्नागिरीचा पाऊस मोताळ्यात

मोताळा, २ मे

चि. सुचितास,
तुझ्या बाबाचे अनेक आशीर्वाद. माझी तब्येत ठणठणीत आहे. तुझी कशी आहे? जेवण वेळेवर होतं ना? (फोनवर विचारलं की "बाबा, रडारवर ढग उठलाय, ठेवते," म्हणतेस. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही, म्हणून लिहितो.)

तुमच्या हवामान कचेरीचा कोकण किनारपट्टीचा वादळी पावसाचा अंदाज तुझ्या आवाजात मोबाईलवर येतो, तो मी रोज सकाळी ओट्यावर बसून ऐकतो. तुझी आई गेल्यापासून घरात बोलणारं तेवढंच. कान जरा कमी ऐकतात, म्हणून आवाज पूर्ण सोडलेला. सोमवारी तू म्हणालीस, "येत्या तीन तासांत विजांच्या कडकडाटासह पाऊस." किनारपट्टीचं नाव नेमकं ट्रॅक्टरच्या आवाजात बुडालं. शेजारच्या आशाबाईंनी गच्चीवर गव्हाच्या कुरडया घातल्या होत्या. बाई धावल्या, ओल्याच गोळा करून डब्यात कोंबल्या. दिवसभर चव्वेचाळीस डिग्री ऊन! संध्याकाळी डब्यातून एकच कुरडई निघाली, चार किलोची.

बाई डबा घेऊन ओट्यावर हजर. "भाऊजी, तुमच्या पोरीनं सांगतलेला पाऊस कुठी गेला हो?"

"रत्नागिरीले," मी म्हणालो.

"मंग थो इथं काऊन वाजवून राह्यले?"

मी मोबाईल खिशात टाकला. पोरीचा आवाज ऐकायला वाजवतो, हे चारचौघांत कसं सांगावं?

गुरुवारी मात्र अजिंठ्याच्या डोंगराकडून खरंच काळंभोर आभाळ आलं. मी ओरडलो. बाई खालूनच म्हणाल्या, "राहू द्या, रत्नागिरीचा असन थो!" मग मीच त्यांच्या गच्चीवर चढलो आणि नव्या कुरडयांची चादर चारी टोकांनी उचलली. जिन्यापर्यंत पोचतो तोच गारा! शेवटच्या पायरीवर पाय सटकला आणि मी चादरीवर बसलो. (कुरडयांचा चुरा झाला, पण कोरडा.) बाईंनी हळद लावली, चुरा तळून ताटलीभर दिला आणि विचारलं, "पोरगी कधी येते हो?" मी म्हणालो, "येऊन राह्यली." का म्हणालो, कोण जाणे.

तू मात्र तुझं काम सोडून येऊ नकोस. समुद्रात माणसं असतात.

तुझा,
बाबा (जानराव)

ता. क. बारा तारखेला चिखलीला डोळ्याचं ऑपरेशन आहे. मोतीबिंदूच आहे, विशेष काही नाही. जवळच्या नातेवाइकाची सही लागते म्हणे. आशाबाई तयार आहेत, तेव्हा तू मुळीच येऊ नकोस.

ता. क. दुसरा. फॉर्मवर 'सोबत कोण' असा रकाना होता. मी 'मुलगी' लिहिलं. पेननं लिहिलंय, आता खोडता येत नाही.