आत्याच्या नावाचा संडास

प्रिय आत्या,

तुझ्या नावाची पाटी आज तयार झाली. ती कशावर लागणार आहे हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगावं, म्हणून लिहिते आहे. विहिरीवर नाही. मलावीतल्या एका शाळेच्या संडासावर.

हसलीस ना? बाबा हसले नव्हते.

कुवेतची रीत तुला माहीत आहेच. माणूस गेलं की घरचे त्याच्या नावाने आफ्रिकेत विहीर देतात, वर पाटी लावतात. बाबांना ही रीत फार आवडली होती. ताईच्या नावाचं पाणी कुणीतरी रोज पिईल, असं ते तुझ्या तेराव्यापासून म्हणत होते. मी पाण्याची इंजिनिअर. विहिरी देणाऱ्या एका समितीसाठी सुट्टीत तपासणीला जाते. त्यामुळे जागा शोधणं माझ्याकडे आलं.

त्या शाळेत पाणी होतं, आत्या. हातपंप नीट चालत होता, पाण्याचा नमुनाही चांगला निघाला. संडासाच्या दाराला मात्र फळ्या ठोकलेल्या. कुणीतरी एका खड्ड्याचा संडास बांधून दिला, खड्डा भरला, पुढे कुणी फिरकलंच नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी मला वरचा वर्ग दाखवला. मुलगे होते. मुली जवळजवळ नव्हत्या.

"मोठ्या झाल्या की घरी बसतात," बाई म्हणाल्या. "झाडामागे किती दिवस जातील?"

तिथे तू आठवलीस. आखाती युद्धानंतर आपण कुवेतमध्ये, अबू हलीफाला परतलो आणि तुझी शाळा उघडली, तेव्हाची. बाकीचे शिक्षक बाकं लावत होते आणि तू पदर खोचून मुलींच्या संडासातले नळ सोडून पाहत होतीस. पाणी येईपर्यंत वर्ग भरवणार नाही, असं मुख्याध्यापकांना सुनावलंस. कुणाच्या घरी गेलीस तरी चहाआधी मोरी बघायचीस. मैत्रिणींसमोर मला किती लाजवलंस!

आणि स्वतःचं दुखणं मात्र उशिरा सांगितलंस. दुसऱ्यांच्या मोऱ्या तपासणाऱ्या बाईने स्वतःची तपासणी का टाळावी? हे मला अजून पटलेलं नाही.

बाबांना मी समोर बसून सांगितलं.

"माझ्या बहिणीच्या नावाचा संडास?" ते म्हणाले. "लोकांचं सोड. तिला काय वाटेल?"

समितीच्या वयस्क चिटणिसांनाही ते खटकलं. हमामवर, म्हणजे संडासावर, कुणी नाव लावतं का, म्हणाले. बांधायचा तर बांधा, पण बिननावाचा. तसं जवळजवळ ठरलंही होतं. पण मला नाव हवं होतं, आणि त्याचं कारण भावनेचं नव्हतं. विहीर आटली तर पाटीवरच्या माणसाला कुणी दोष देत नाही. संडास घाण राहिला तर नावासकट शिव्या पडतात.

"आत्याचं नाव वर असेल," मी बाबांना म्हटलं, "तर तुम्ही मला तो तुंबू द्याल का?"

ते उठून खिडकीशी गेले. परत आले ते चष्मा लावूनच. दोन खड्ड्यांच्या संडासाचा माझा नकाशा पुढे ओढला आणि विचारलं, "एक खड्डा भरला की दुसरा उघडणार कोण?"

रिफायनरीत सगळं आयुष्य देखभालीत काढलेला माणूस. त्या संध्याकाळी त्यांनी मला प्रश्नांनी सोलून काढलं. मैल्यावर टाकायची राख कुठे ठेवणार, हात धुवायला पाणी कुठून येणार, मुलींच्या दाराला आतून कडी आहे का. आहे, म्हटलं. "दोन लाव," म्हणाले. चिटणिसांना त्यांनी स्वतः फोन केला. काय बोलले ते मला सांगत नाहीत, पण पाटी मंजूर झाली.

काम आता संपत आलं आहे. खड्डे दोन आहेत. पहिला भरला की बंद करायचा, आतल्या मैल्याचं खत होईपर्यंत दुसरा वापरायचा. गावातल्या दोघा गवंड्यांना आणि मुख्याध्यापिकाबाईंना हे सगळं करून दाखवलं आहे. त्यांना ते येतं. तरीही पहिल्यांदा खड्डा बदलताना मी तिथे असेन. तोवर कुवेतमध्ये राहत असेन की पुण्यात, माहीत नाही, कुठूनही जाईन. आणि माझ्यानंतर कोण पाहणार, तेही ठरवूनच परत येईन.

तुझ्या नावाखालून एकही मुलगी नाक मुरडत बाहेर येणार नाही. हा माझा शब्द.

तुझी,
मुग्धा