मला कसं कळेल?

सेंट क्लाउड, मिनेसोटा
२ डिसेंबर, मंगळवार

प्रिय लायल,

पत्र मिळेल तेव्हा तू खुशाल असशील, अशी सुरुवात करायची पद्धत आहे. ते वाक्य लिहिलं, खोडलं आणि पुन्हा लिहिलं. राहू दे आता.

इथे थंडी नेहमीसारखी, नाक झडून पडेल अशी. माझा पाय अजून प्लास्टरमध्येच आहे. शेजारचे मिस्टर ओल्स्टाड अंगणातलं बर्फ काढून देतात आणि वर ऐकवतात, "मार्लिस, आयुष्यभर दुसऱ्यांच्या बसगाड्या बर्फातून सुखरूप आणल्यास आणि स्वतःच्या दारात आपटलीस होय!" मी त्यांना लेमन बार देते, लिंबाच्या त्या गोड वड्या. दुसरं काय देणार?

तळ्यावरच्या तुझ्या केबिनमध्ये फोन लागत नाही म्हणून हा पत्राचा खटाटोप. आर्व्हिड तळ्याकाठच्या त्याच्या दुकानात आलेलं टपाल स्नोमोबाईलवरून केबिनवर पोचवतो, असं डोरीन म्हणाली. शनिवारी ती तिथून परत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. तू तिला कॉफी करून पाजलीस, गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडून दिलंस आणि एकटीला परत पाठवलंस. पस्तीस वर्षं संसार केलेल्या बायकोला असं कुणी पाठवतं का रे?

काल सोमवार. डायलिसिस सेंटरमधून मला फोन आला. डोरीन उचलत नसेल, आणि तुझ्या कागदांवर दुसरं नाव माझं आहे. त्या मुलीनं विचारलं, "मिस्टर लायल आजही आले नाहीत. शुक्रवारीही नव्हते. कुठे आहेत?" मी म्हटलं, मासे पकडायला गेलाय. ती म्हणाली, "मासे नंतरही मिळतील हो. तुम्ही सांगा ना त्यांना. मोठ्या बहिणीचं ऐकतील ते." खिडकीजवळची तुझी खुर्ची तिनं अजून दुसऱ्या कुणाला दिलेली नाही म्हणे.

बरं, आता माझी बातमी. मी पास झाले. प्रमाणपत्र आलं. तुझी बहीण आता रीतसर लाइफ कोच आहे. हसू नकोस. तू पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा म्हणाला होतास, "जिनं जन्मभर आख्ख्या शाळेच्या बसड्रायव्हरांना रेडिओवरून हुकूम सोडले, ती आता लोकांना विचारणार की तुम्हाला काय वाटतं? आधी माझ्यावर प्रयोग कर. मला बघायचंय."

पण खरंच सांगते, त्या वर्गात मला फार आवडायचं. आमच्या शिकवणाऱ्या कॅन्डेस पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "सल्ला देणं ही आपली खाज असते. समोरच्याचा त्याच्याशी संबंध नसतो." मला वाटलं, ही बाई मला लहानपणापासून ओळखते की काय! सल्ला द्यायचा नाही. 'का' असं विचारायचं नाही, कारण 'का' म्हटलं की माणूस आरोपी होतो. 'काय' आणि 'कसं' एवढंच विचारायचं. मग गप्प बसायचं. शांतता बोचली तरी ती आपण भरायची नाही. समोरच्याचं उत्तर त्याच्यापाशीच असतं. आणि आपली भीती, बर्फाचे बूट काढतो तशी, दाराबाहेर ठेवून आत यायचं. मी हे सगळं फ्रिजवर चिकटवलं होतं.

फक्त एक गोम होती. प्रमाणपत्राआधी खऱ्या माणसांबरोबर सराव करावा लागतो, आणि तेवढी खरी माणसं आणायची कुठून? मग आम्ही शिकणारेच एकमेकांचे गिऱ्हाईक झालो. शॉना मला विचारायची, "मार्लिस, या वर्षी तुला काय हवंय?" मी म्हणायची, कोच व्हायचंय. मग मी तिला विचारायची, "शॉना, तुला काय हवंय?" तिलाही कोचच व्हायचं होतं. आख्ख्या वर्गात सल्ला हवा असलेला एकही माणूस नव्हता, सगळे विचारणारेच. मला अजूनही एकही गिऱ्हाईक मिळालेलं नाही, आणि आता नकोच आहे.

परीक्षेसाठी मात्र एक बैठक रेकॉर्ड करून पाठवायची होती. शॉनाचं कोच होणं ऐकून परीक्षकही कंटाळले असते. तू म्हणालास, "मी आहे ना." ऑक्टोबरमधली दुपार होती. माझं स्वयंपाकघर, समोर ओव्हनमधून काढलेलं बटाट्याचं टेटर टॉट हॉटडिश. तू दोनदा वाढून घेतलंस. नको तेवढं मीठ होतं त्यात, मी काही बोलले नाही. सराव चालू झाला होता ना.

मी विचारलं, "तुला काय हवंय?"

तू लगेच विनोद करशील असं वाटलं होतं. केला नाहीस. म्हणालास, "हे मला चार वर्षांत कुणी विचारलंच नाही. सगळे आकडे विचारतात. पाणी किती प्यायलं, वजन किती वाढलं." आणि मग तू सांगायला लागलास. तळ्यावर पहिलं बर्फ धरतं तेव्हा येणारा तो आवाज. बर्फावरची मासेमारीची झोपडी, बर्फात पाडलेलं भोक, बाबांची गळाची काठी. थँक्सगिव्हिंग झालं की जायचं आणि परत यायचं नाही. लायल, तुझा चेहरा मी कित्येक वर्षांत तसा पाहिला नव्हता.

तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, की त्या तळ्यापासून डायलिसिसचं मशीन किती लांब आहे. आजाराचं नाव आपण दोघांनीही घेतलं नाही. मी टेबलाखाली हातात भांडी पुसायचा पंचा पिळत होते. तोंडापर्यंत आलं होतं, गप बस, मूर्खा, काही जायचं नाही. आयुष्यभर तुला हेच तर सांगत आले. झाडावरून उतर, टोपी घाल, ती गाडी घेऊ नकोस. त्या दिवशी मात्र मी भीती दाराबाहेर ठेवली आणि गप्प बसले. तूही गप्प बसलास. मग शिकवल्याप्रमाणे मी शेवटचे तीन प्रश्न विचारले. काय करशील? कधी करशील? आणि मला कसं कळेल?

तू म्हणालास, "आर्व्हिडला दुकानातून माझं धुराडं दिसतं. ज्या सकाळी धूर नसेल, त्या सकाळी तो तुला फोन करेल."

परीक्षकांना काय कळणार? त्यांनी ऐकला तो एक म्हातारा, ज्याला शहर सोडून तळ्यावर राहायचं होतं. त्यांनी लिहिलंय: "कोचनं शांतता फार सुंदर सांभाळली. गिऱ्हाईक स्वतःच्या निर्णयापर्यंत स्वतः पोचलं." ते मी वाचलं आणि फ्रिजवरचा तो कागद फाडून टाकला.

काल डोरीनला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तू नुसतं विचारलंस आणि तो मरायला निघाला? वा! फी किती घेतेस?" मी म्हटलं, मला तळ्यावर घेऊन चल, या पायानं मला गाडी चालवता येत नाही. ती म्हणाली, "तुला? तू त्याला पुन्हा काहीतरी विचारशील." आणि दार लावून घेतलं. शेरीफच्या ऑफिसात फोन केला, तर ते म्हणाले, शुद्धीवर असलेल्या माणसाला त्याच्या घरातून ओढून आणता येत नाही. मिस्टर ओल्स्टाडना आता अंधारात दिसत नाही, आणि आजकाल अंधार पाचच्या आधीच पडतो. शॉनाला विचारलं. ती म्हणाली, "मार्लिस, यातलं तुझ्या हातात नेमकं काय आहे, असं तुला वाटतं?" मी फोन ठेवला.

माझ्या हातात हे पत्र आहे. तर ऐक. इथून पुढे एकही प्रश्न नाही.

परत ये. आर्व्हिडच्या ट्रकमध्ये बस आणि आजच्या आज नीघ. खुर्चीत जाऊन बस. तुझं उत्तर तुझ्यापाशी असेल, ते मला नकोय. मी तुझी मोठी बहीण आहे आणि मी सांगतेय. टोपी घाल.

तू येणार नाहीस, हे मला माहीत आहे. तू कधीच ऐकलं नाहीस. झाडावरूनही पडलासच. आणि दिलेला शब्द तू कधी मोडला नाहीस, हेच तर माझं दुर्दैव. डोरीन म्हणते, शनिवारी तुझे घोटे सुजलेले होते आणि दोन पावलांत तुला धाप लागत होती. हे पत्र पोचेपर्यंत तू वाचू शकशील की नाही, कोण जाणे.

तर निदान एवढं कर. शेगडीत लाकूड टाकत राहा. उठवत नसेल तर आर्व्हिडला टाकायला सांग, त्याच्यासाठी वेगळी चिठ्ठी याच पाकिटात आहे. धूर दिसू दे.

आणि त्याचा फोन आला, तर मी उचलणार नाही, लायल. दिवसभर वाजू दे. मला काही कळायला नकोय.

तुझी, अजूनही तुझ्याहून मोठी,
मार्लिस