कु. अक्षता तांबे हिचे तोंडी परीक्षेचे शून्य आणि राणे सरांच्या मोबाईलवर जाणारा ओटीपी

प्रति,
मा. अधिकारी (ऑनलाइन अध्यापन साधने),
गिरणगाव बालबोध शिक्षण संस्था,
मध्यवर्ती कार्यालय, दादर (पूर्व), मुंबई.

अर्जदार : सौ. दर्शना परब, सहशिक्षिका, इयत्ता पहिली,
बालबोध प्राथमिक शाळा, लालबाग.

विषय : शाळेच्या ऑनलाइन खात्याचा मोबाईल क्रमांक बदलून मिळणे व त्या खात्यात अडकलेली कु. अक्षता तांबे हिची ध्वनिमुद्रणे फेरतपासणीसाठी ग्राह्य धरणे याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची तोंडी परीक्षा फेरतपासणीची सूचना.
२) माझे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांवर खिडकीत मिळालेली तोंडी उत्तरे.

महोदय,

येत्या शुक्रवारी, दि. १३ रोजी, तोंडी परीक्षेचे गुण कायम होणार असून त्यानंतर त्यांत बदल होणार नाही, असे आपल्या सूचनेत नमूद आहे. माझ्या वर्गातील कु. अक्षता धम्मपाल तांबे हिच्या नावापुढे शून्य आहे. ते शून्य खरे नाही, एवढेच मला सांगायचे आहे. खालचा सगळा मजकूर या एका वाक्याला आधार म्हणून लिहीत आहे, तरी कृपया शेवटपर्यंत वाचावा.

अर्ज हाताने लिहीत आहे. माझी आठ महिन्यांची मुलगी मांडीवर निजली आहे आणि टंकलेखनाच्या आवाजाने ती उठते. ती उठली की अर्ज तिथेच थांबतो. अक्षर मध्येच बदललेले दिसले तर कारण तेवढेच समजावे.

१. अक्षताची आई प्रिती परळच्या एका रुग्णालयात आया आहे. मुलीला शाळेत आणणे-नेणे आजी मीराबाई करतात. अक्षता शाळेत आल्या दिवसापासून बोललेली नाही. हजेरीला हात वर करते, फळ्यावरचे बिनचूक उतरवून घेते, डब्यातली भाजी शेजारणीला देते, पण तोंडातून शब्द नाही. ती हट्टी नाही आणि तिला ऐकूही नीट येते. समोरून कोणी बघत असले की तिचा आवाज घशातच राहतो. आईने रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी "घाई करू नका, बोलायची जागा तिला निवडू द्या" असे सांगितले. घरी मात्र चित्र निराळे आहे. मीराबाईंचे शब्द जसेच्या तसे देते : "मॅडम, ही घरात माझं डोकं खाते. टीव्हीतल्या बातम्यावालीला उलट उत्तरं देते. तुमच्या साहेबांना आमच्या खोलीवर पाठवा, चहा पाजते. फक्त टेबल नका आणू म्हणावं."

२. टेबलाचा संबंध पुढे येईल. आधी साधनांविषयी. संस्थेने शिक्षकांसाठी जे संकेतस्थळ दिले आहे त्यावरील चित्रफिती मला फारशा उपयोगी पडल्या नाहीत. मुले त्या बघतात आणि विसरतात. परंतु त्याच खात्यात एक साधे साधन आहे : पडद्यावर चित्र येते, मुलाने लाल बटण दाबून त्याविषयी बोलायचे, ते मुद्रित होते आणि त्याला स्वतःला परत ऐकता येते. बाळंतपणाच्या रजेवर जाण्यापूर्वीच, तत्कालीन मुख्याध्यापक श्री. चिंतामणी राणे यांच्या परवानगीने, मी वर्गातील पुस्तकांच्या कपाटामागे एक स्टूल व वर्गाचा टॅब ठेवला. मुले त्याला बोलका कोपरा म्हणतात. एका वेळी एकच मूल तिथे जाते. कपाटाची पाठ वर्गाकडे असल्याने तिथे बसलेल्याला कोणी बघत नाही.

रजेवरून मी डिसेंबरात रुजू झाले. अक्षता पहिल्यांदा त्या कोपऱ्यात गेली तेव्हा नुसता श्वास मुद्रित झाला. नंतर एकदा "मांजर". मग "मांजर माझ्या आजीसारखं बसलंय". जानेवारी उजाडेपर्यंत ती तिथे पाठ्यपुस्तकातला अख्खा धडा वाचत होती, आणि शेवटी हळूच "झालं" म्हणून बटण बंद करत होती. साहेब, माझी मुलगीही याच दिवसांत घरी पहिले आवाज काढू लागली आहे. अर्थ नसतो, तरी आम्ही घरभर थांबून ऐकतो. अक्षताच्या त्या "झालं"साठी मी तशीच कपाटाच्या अलीकडे वह्या तपासण्याचे निमित्त करून उभी राहत असे.

३. तोंडी परीक्षेला तीन सदस्यांची समिती आली. लांब टेबल, त्यामागे तिघे, समोर एक खुर्ची. अक्षता खुर्चीवर बसली, तिघांनी तिच्याकडे बघितले आणि जे व्हायचे ते झाले. एका सदस्य बाईंनी चॉकलेटही दाखवले, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. निकाल मात्र "प्रतिसाद शून्य" असा लागला. शून्य कायम झाल्यास तिचे नाव रे रोड शाखेतील विशेष वर्गात आपोआप जाते, असा नियम आहे. विशेष वर्गाला मी कमी लेखत नाही. ज्याला त्याची गरज आहे त्याला तो मिळालाच पाहिजे. पण या मुलीला नवी शाळा, नवी माणसे, नवे डोळे, म्हणजे पुन्हा नुसत्या श्वासापासून सुरुवात. शिवाय रे रोडला तिला नेणार कोण? मीराबाईंचे गुडघे आमच्या शाळेचा जिना चढतानाच बोलतात. प्रितीने नोकरी सोडावी, नाहीतर मुलीने शाळा, अशी वेळ त्या घरावर येईल.

४. फेरतपासणीसाठी मुद्रित पुरावा चालतो. मात्र तो संस्थेच्या खात्यातूनच आणि त्यातील तारखेसह पाठवावा लागतो, शिक्षकाच्या खासगी मोबाईलवरचे मुद्रण चालत नाही. हे मला मान्य आहे. अडचण अशी की जानेवारीअखेर संकेतस्थळ अद्ययावत झाले आणि आमचा टॅब खात्यातून बाहेर पडला. पुन्हा आत जायला ओटीपी लागतो. तो नोंदणीकृत क्रमांकावर जातो. नोंदणी करताना "शाळाप्रमुखांचा क्रमांक द्यावा" अशी सूचना असल्याने राणे सरांचा क्रमांक दिला होता. सर मे महिन्यात निवृत्त होऊन देवगडकडे गावी राहायला गेले. त्यांच्या घरात रेंज नाही. घरामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उंच माळावर, चढून गेले तर मिळते.

सरांनी एकदाही नाही म्हटले नाही. मी गावातल्या दुकानाच्या फोनवर निरोप ठेवते, सर काठी घेऊन सडा चढतात, वर पोचून मला फोन लावतात, मग मी ओटीपी मागवते. तो पाच मिनिटे चालतो आणि सड्यावर संदेश पोचायलाच त्यातला बराच वेळ जातो. त्यापुढची अडचण सरांच्या शिस्तीची आहे. आमच्या शाळेत सगळ्यांना ती ठाऊक आहे : निरोप सांगितला की ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा, त्याशिवाय सर सोडत नसत. शिपायापासून पाहुण्यांपर्यंत कोणालाच सूट नव्हती. सर आकडे सांगतात, मी टॅबवर घालायला जाते, तर सर म्हणतात, "थांब, आधी परत म्हण बघू." वारा असतो, आवाज तुटतो, मी म्हणते, सर म्हणतात, "नाय, मधलो चुकलो तुझो. पुन्ना." तोवर मुदत संपते. मी विनवले की सर, या वेळी राहू द्या. सर म्हणाले, "बाय, चुकीचो निरोप पोचण्यापेक्षा न पोचलेलो बरो." दोनदा असे झाले आहे. तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते महिनाभर बंद राहते, त्यामुळे मलाही अंदाजाने आकडे घालता येत नाहीत.

५. क्रमांक बदलून मिळावा म्हणून मी आपल्या कार्यालयात आले. खिडकीवरील लिपिक श्री. दौलत यांनी सहकार्य केले, हे आवर्जून नमूद करते. परंतु क्रमांक बदलण्यासाठी जुन्या क्रमांकावर ओटीपी जातो. तो न देता बदलायचे असल्यास कारण निवडावे लागते आणि त्या यादीत दोनच कारणे आहेत, "बदली" आणि "मयत". सेवानिवृत्त नाही. बदली निवडल्यास सर ज्या शाळेत बदलून गेले तिचे नाव विचारते. दौलतरावांनी आवाज खाली आणून सुचवले, "मॅडम, मयत टाका, सिस्टीम पटकन घेते." मी ही गोष्ट सरांच्या कानावर घातली. वाटले रागावतील. सर म्हणाले, "टाक. पोरीचा काम होत असला तर टाक. फक्त पेन्शनवाल्यांका कळू देव नको."

साहेब, मी दुसऱ्या दिवशी त्या खिडकीपाशी उभी राहिले, पण माझ्याच्याने "मयत" म्हणवले नाही. जो माणूस माझ्यासाठी काठी टेकत सडा चढला त्याला कागदावर सुद्धा मारायचे कसे? नंतर समजले ते असे की मयत केलेल्या व्यक्तीचे खाते मुद्रणांसकट कायमचे मिटते. म्हणजे मी बोट टेकवले असते तर सरांबरोबर अक्षताचा आवाजही गेला असता. हे खिडकीवर कोणालाच माहीत नव्हते. दौलतरावांनी स्वतःच कपाळाला हात लावला.

६. सबब नम्र विनंती की, (अ) शाळेच्या खात्याचा क्रमांक आपल्या अधिकारात बदलून तो कार्यालयाचा किंवा माझा करावा. (ब) हे शुक्रवारपूर्वी शक्य नसल्यास अक्षताचे गुण कायम करण्यास स्थगिती द्यावी. (क) त्या यादीत "सेवानिवृत्त" हा शब्द घालावा. निवृत्त झालेला माणूस बदलून जात नाही आणि मरतही नाही.

मुलगी उठली. येथे थांबते.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून असलेली,
(सही) सौ. दर्शना परब
लालबाग, दि. ९ फेब्रुवारी २०२६

सोबत : १) समितीच्या निकालाची प्रत. २) श्रीमती मीराबाई तांबे यांचे अंगठ्यासह निवेदन. ३) श्री. राणे हयात असल्याबाबत त्यांचे स्वतःचे पत्र.

पुरवणी, दि. १० फेब्रुवारी २०२६

महोदय,

वरील अर्ज पाकिटात घालण्यापूर्वी आज सकाळी वर्गात एक गोष्ट घडली. ती सांगितल्याशिवाय अर्ज देणे खोटेपणाचे होईल, कारण तिच्यामुळे माझी मागणीच बदलली आहे.

आज पहिल्या तासाला राणे सर शेवटचा प्रयत्न म्हणून सड्यावर चढले होते. त्यांचा फोन आला, मी टॅबवरून ओटीपी मागवला आणि फोन स्पीकरवर करून टॅबशेजारी कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवला. संदेश पोचण्याची वाट बघत असतानाच पुढच्या बाकावरच्या एका मुलाला उलटी झाली. मी त्याला धरायला धावले. टॅब बंद असला तरी अक्षता मधून मधून कपाटामागे जाऊन बसते, हे मला माहीत आहे. मी मुलाकडे धावले तेवढ्यात ती तिथे जाऊन बसली, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

कपाटामागून सरांचा आवाज आला, "हां, आयलो. लिही." आणि त्यांनी सहा आकडे सांगितले. माझा एक हात मुलाच्या कपाळाला, दुसऱ्यात फडके. मग सर नेहमीप्रमाणे म्हणाले, "परत म्हण बघू."

आणि कपाटामागून कोणीतरी ते आकडे परत म्हटले.

सगळा वर्ग कपाटाकडे वळला. उलटी झालेले मूलही रडायचे थांबले. सरांना कोण बोलतेय याची कल्पना नसावी. ते म्हणाले, "बरोबर, पण शेवटचे दोन उलटे सांगितलेस. नऊ मागाहून." त्यावर अक्षताचा आवाज, चांगला खणखणीत : "नाही सर. तुम्हीच आधी नऊ म्हणालात." सरांनी चष्मा नीट करून पुन्हा बघितले असावे. म्हणाले, "होय गो. माझोच चुकलो. नाव काय तुझा?" ती म्हणाली, "अक्षता धम्मपाल तांबे. पहिली अ."

साहेब, टॅब माझ्यापासून चार पावलांवर होता आणि ओटीपीची मुदत अजून शिल्लक होती. मी गेले असते, आकडे घातले असते, तर खाते उघडले असते आणि सर्व मुद्रणे आज आपल्या कार्यालयात पोचली असती. पण मी कपाटामागे डोकावले असते तर ती गप्प झाली असती, हे मला नक्की ठाऊक होते. मी तिथेच उभी राहिले. सर तिला गावातल्या आंब्याच्या मोहोराविषयी विचारत होते, ती त्यांना आजीच्या गुडघ्यांविषयी सांगत होती. मुदत संपून गेली. या प्रसंगी मी ओटीपी जाणूनबुजून वाया घालवला, ही जबाबदारी माझी आहे आणि त्याबद्दल होईल ती कारवाई मला मान्य आहे.

आता सर आजारी आहेत. ऊन लागले, उद्या चढू नका असे मीच त्यांना सांगितले आहे. म्हणजे माझ्याकडे आपल्या नियमात बसणारा एकही पुरावा उरलेला नाही. वर्गातली मुले साक्षीला आहेत, पण सहा वर्षांच्या साक्षीदारांसाठी अर्जात रकाना नाही.

म्हणून वरील (अ), (ब), (क) यांच्या आधी माझी एकच विनंती विचारात घ्यावी. समिती पाठवू नये. शुक्रवारपूर्वी केव्हाही, आपण स्वतः किंवा आपण नेमाल ती व्यक्ती, सकाळी शाळा भरल्यावर माझ्या मोबाईलवर फोन करावा. क्रमांक पाकिटावर लिहिला आहे. मी तो फोन कपाटामागे ठेवीन आणि स्वतः वर्गाच्या दारात उभी राहीन. आपण तिला कोणताही निरोप सांगावा, हवा तेवढा लांब, आणि तो परत म्हणून दाखवायला सांगावे. सांगताना मध्ये एखादी चूक करावी. ती आपली चूक दुरुस्त करील. त्यानंतर तिच्या नावापुढे काय लिहायचे, हे आपण ठरवावे.

(सही) सौ. दर्शना परब