आईंचा बंब आणि माझी व्हिस्की

देवळाली प्रवरा,
सोमवार

तीर्थरूप अवधूतराव,

साष्टांग नमस्कार. (डाव्या गुडघ्याने साष्टांग घालणं सोडून दोन वर्षं झाली, पण हा मनाने पूर्ण घातला आहे.)

ताजी बातमी आधी सांगतो. तुमच्या आईंचा तांब्याचा बंब कायमचा निकामी झाला आहे. काल गोरक्ष तांबटाने या गोष्टीला दुजोरा दिला. बंब आडवा करून, तळाच्या भोकातून माझ्याकडे आरपार बघत तो म्हणाला, "काका, आता ह्येच्यात तुळस लावा."

तुमची तब्येत कशी आहे? बीपीची गोळी वेळेवर घेत असाल. नसल्यास आता घ्या आणि मग पुढे वाचा. वहिनींना नमस्कार सांगा, पत्र मात्र दाखवू नका.

फोन केला असता, पण तुमची बहीण सुचित्रा फोन नेहमी स्पीकरवर लावते आणि मी काय बोलतो ते शेजारच्यांनाही नीट ऐकू येतं. म्हणून हा कागद.

सुरुवात डॉक्टरांपासून झाली. निवृत्त माणसाला काहीतरी छंद हवा, असं ते म्हणाले. बागेचा विचार मी करत होतोच, पण त्याच आठवड्यात मोबाईलवर एक परदेशी गृहस्थ दिसले. डोक्याला टोपी, घरामागे शेड, त्यात चकचकीत तांब्याचं भांडं आणि हातात स्वतः गाळलेल्या व्हिस्कीचा ग्लास. चेहऱ्यावर असं समाधान मी आपल्या तालुक्यात एकाही निवृत्त माणसाच्या पाहिलेलं नाही. मी आयुष्यात व्हिस्की दोनदा प्यायलो आहे, आणि दोन्ही वेळा ती सोडा म्हणून दिली गेली होती. पण कारखान्याच्या टाइम ऑफिसात एकतीस वर्षं डिस्टिलरीवाल्यांच्या हजेऱ्या मांडल्या, तेव्हा विषय आपला आहे असं मला वाटलं. (डिस्टिलरीच्या आत मी एकदाच गेलो होतो, तेही सत्यनारायणाच्या प्रसादाला.) घरी दारू गाळायला परवाना लागतो आणि तो माणसाला मिळत नाही, कारखान्याला मिळतो, हेही मला ठाऊक होतं. पण एखादी बाटली स्वतःपुरती काढली तर सरकारचं काय जाणार, असा विचार मी केला. हाच विचार करून आत गेलेले किती लोक असतील, हे तेव्हा मनात आलं नाही.

व्हिस्कीला मोड आलेले जव लागतात. आपल्याकडे जव मिळतात ते पूजेच्या सामानाच्या दुकानात, मुठीएवढ्या पुडीत. मी पाच किलो मागितले तेव्हा दुकानदार आप्पासाहेब उठून उभे राहिले आणि विचारते झाले, "कुठला यज्ञ काढलाय?" मी शांती म्हणालो. कसली ते त्यांनी विचारलं नाही, पण मला चपला काढायला लावून पाया पडले.

जव भिजवून माळ्यावर ओल्या पंच्यात पसरले. तिसऱ्या दिवशी सुचित्रा पापडाचा डबा काढायला शिडी चढली. मी खालून, काही विचार न करता, मनवासाठी सत्त्व करतोय, असं बोलून गेलो. अवधूतराव, तिचे डोळे भरून आले. मोड आणा, वाळवा, भाजा, दळा. बाळंतिणीचं सत्त्व आणि व्हिस्कीचं पीठ इथपर्यंत एकाच वाटेने जातात, हे मला तेव्हा कळलं. छत्तीस वर्षांत ज्याने कधी भाजी निवडली नाही तो बाप लेकीसाठी सत्त्व करतोय, ही वार्ता संध्याकाळपर्यंत भजनी मंडळात पोहोचली. पाच किलोंपैकी चार डबे भरून तिने मनवासाठी बाजूला काढले. उरलेलं पाऊण किलो माझ्या व्हिस्कीचं.

आता बंब. मनवा आठव्या महिन्यात आहे. बाळंतपणाला इथे येणार म्हटल्यावर सुचित्राने बंब उजळून आणायला सांगितला. तुम्ही, सुचित्रा, मनवा, सगळ्यांच्या पहिल्या अंघोळीचं पाणी त्याच बंबात तापलं; मनवाच्या बाळाचंही त्यातच तापणार, यावर ती चार महिने बोलते आहे. मी बंब घेऊन गोरक्षकडे गेलो आणि वरचं तोंड बंद करून तिथे नळी बसव म्हणालो. कशाला, तर वाळ्याचा अर्क काढायला. तो म्हणाला, "काका, आर्क हितं लई जनांनी काढला. समदे जामिनावर हायेत." पण नळी बसवून दिली.

बंबाला वर दोन तोंडं असतात. एकातून पाणी ओततात, दुसऱ्यातून धूर निघतो. मी त्याला कुठलं तोंड ते सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

पहिली चाचणी साध्या पाण्याने घ्यायची, एवढी अक्कल मला होती. सुचित्रा भजनाला गेल्यावर दुपारी परसात बंब पेटवला, नळीखाली स्टीलचा पेला धरला आणि वाट पाहिली. पहिल्या धारेचा जो निघाला तो धूर. व्हिडिओतही आधी वाफ येते, म्हणून मी उत्साहाने आणखी करवंट्या घातल्या. धूर वाढला. मी पेला वाकून हुंगला आणि पाच मिनिटं खोकलो. तेवढ्यात बंबाचा नळ, जो मी नीट बंद केला नव्हता, सगळं पाणी मोरीत सोडून मोकळा झाला. कोरडा बंब तापला, सांध्याचा डाग वितळून सुटला आणि तळ निखाऱ्यांसकट खाली आला. कायद्यापुढे मी आजही निर्दोष आहे, थेंबसुद्धा गाळलेला नाही. घरात मात्र मला जामीन मिळेल असं वाटत नाही.

सुचित्रा समजते आहे की बंब उजळायला दिलाय. ती रोज विचारते आणि मी रोज, गोरक्ष हळू काम करतो, असं सांगतो. मला तुमच्याकडून काही नको. मन हलकं केलं, इतकंच.

आपला,
नृसिंह

ता. क. : तुमच्या वडिलांनी नाशिकहून दोन सारखे बंब आणले होते. दुसरा तुमच्या गच्चीवर पडून आहे. गुरुवारी सुचित्रा मनवाला आणायला शेवगावला जाणार आहे. त्या दिवशी टेम्पोने पाठवलात तर जन्मभर ऋणी राहीन.

आणखी एक : आईंच्या बंबाला नळाच्या वर एक पोचा आहे, सुचित्राने लहानपणी आदळून पाडलेला. तुमच्यालाही तिथे एक पाडावा. हातोडीवर फडकं गुंडाळा.

दादा, ही ओळ माझी, सुचित्राची. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या भागूबाईंनी पाकीट पोस्टात टाकण्याआधी मला आणून दिलं. म्हणाल्या, "काकांनी चोरून दिलंय, म्हंजी वाचन्यासारखं आसंल." आईचा बंब गेला याचं मी काल पोटभर रडून घेतलं, ह्यांना वाटलं मनवाच्या काळजीने. तुझा बंब दे, पण पोचा पाडू नकोस. शेवगावला मी शनिवारी जाईन, मनवाला तसं कळवलंय. गुरुवारी सकाळी शेवगावची म्हणून निघेन ती थेट कोपरगावला तुझ्याकडे येईन आणि दुपारी त्याच टेम्पोत, ड्रायव्हरच्या शेजारी बसून परत. हे फाटकाशी उभे असतील. टेम्पोचं दार उघडायला पुढे येतील.